दवाखान्याचं पाणी कुणाच्या वहीत?

(नारायणगाव येथील वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नारायणगावात बोलायला उभं राहायचं म्हणजे थोडी धास्ती वाटते. याच दिवसांत इथं तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तमाशातल्या विठाबाईंच्या गावातला श्रोता कंटाळला की ते लपवून ठेवत नाही, असं मला येण्याआधीच बजावलं गेलंय. तेव्हा गण-गवळण आटोपती घेतो आणि थेट वगाला हात घालतो.

संयोजकांनी ‘आरोग्य आणि समाज’ असा ऐसपैस विषय दिला होता. मी तो एका नळापुरता आवळून घेतलाय. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात एक बेसिन असतं. बाळ हातात घ्यायच्या आधी सिस्टर तिथं हात धुतात. त्या नळाचं पाणी कोण तपासतं, तपासल्याचं कुठं लिहून ठेवतं आणि लिहिलेलं कोण वाचतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शासनाच्या परिपत्रकांत मिळतात. तिसऱ्याचं मिळत नाही, म्हणून मी इथं आलोय.

मी पाणी तपासण्याच्या नोकरीत आयुष्य काढलेला माणूस. प्रयोगशाळेत बाटली यायची, तिच्यावर गावाचं नाव, पाण्याच्या उद्भवाचं नाव आणि तारीख असायची. आम्ही तपासून ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा मारून कागद परत पाठवायचो. अयोग्य ठरलेल्या पाण्याचं पुढं काय झालं, हे आम्हाला बहुतेक वेळा कळायचंच नाही. आमच्या कागदाला उत्तर म्हणून पुढच्या फेरीची बाटली यायची. विज्ञान कमी पडत होतं असं नाही. त्या कागदाची वाट बघणारं माणूस दुसऱ्या टोकाला नव्हतं.

गावाच्या पाण्याच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रानं एक चांगली घडी बसवली आहे, आणि तिचं कौतुक फारसं होत नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो. नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतो. पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे असं समजायचं. आपलं भारतीय मानक म्हणतं की शिल्लक क्लोरीन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवा आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, उद्भवांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ओळीनं काही वर्षं हिरवं कार्ड टिकवलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी कार्ड. सरपंचाला लाल कार्ड मिळालं की चावडीवर चर्चा होते, विरोधी गट ते निवडणुकीपर्यंत पुरवून वापरतो. होऊ दे की. पाण्यावरून राजकारण होतं म्हणजे पाण्याकडे लक्ष आहे. जलजीवन मिशन 2019 साली सुरू झालं तेव्हापासून गावात पाच महिलांना तपासणी संच वापरायचं शिक्षण देण्याची पद्धतही आली.

आता ही सगळी घडी कुठं थांबते ते बघा. दवाखान्याच्या फाटकाशी. जलसुरक्षकाचं काम सार्वजनिक नळापाशी संपतं. आत गेलेल्या पाण्याचा कार्डाशी संबंध राहत नाही. आणि आत जाऊन ते पाणी बदलतं.

ग्रामीण रुग्णालय साधारण 30 खाटांचं असतं. छोट्या रुग्णालयाला एका खाटेमागे रोज 340 लिटर पाणी लागतं, असा बांधकामाचा भारतीय मापदंड आहे. हिशेब दहा हजार लिटरच्या पुढे गेला, म्हणजे रोज एक मोठा टँकर. शिवाय बाह्यरुग्ण विभागातली गर्दी, नातेवाईक, लसीकरणाला आलेल्या माउल्या. हे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत, मग मोटरनं गच्चीवरच्या काळ्या टाकीत आणि तिथून भिंतीतल्या पाइपांतून वॉर्डात जातं. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कोमट होतं. 25 ते 45 अंश हे तापमान लिजिओनेला नावाच्या जंतूला मानवतं. तो पिण्यातून त्रास देत नाही, शॉवर किंवा फवाऱ्याच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. एखादा वॉर्ड डॉक्टर नाहीत म्हणून महिनाभर बंद असला, की त्या वॉर्डाकडे जाणाऱ्या पाइपातलं पाणी साचून राहतं, त्यातला क्लोरीन उडून जातो आणि पाइपाच्या आतल्या अंगाला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. या थराच्या आत क्लोरीन सहजी पोचत नाही. वॉर्ड सुरू झाला की पहिलं पाणी कुणाच्या तरी जखमेवर येतं.

प्रयोगशाळेतली नेहमीची तपासणी ई-कोलाय शोधते, म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय का ते बघते. स्यूडोमोनास हा जंतू या तपासणीत येत नाही. तो मैल्यातून यावा लागत नाही, ओल असेल तिथं राहतो. धडधाकट माणसानं ते पाणी प्यायलं तर त्याला काही होणार नाही. भाजलेल्या माणसाच्या अंगावर, कमी दिवसांच्या बाळावर किंवा डोळ्याच्या शस्त्रक्रियेत तोच जंतू घात करतो. 2011च्या अखेरीला आणि 2012च्या सुरुवातीला उत्तर आयर्लंडमध्ये नवजात शिशूंच्या कक्षांत स्यूडोमोनासनं चार बाळं दगावली. शोध घेतला तेव्हा बोट बेसिनच्या नळांकडे गेलं. तो देश श्रीमंत, कक्ष अत्याधुनिक, पाणी कागदोपत्री पिण्यास योग्य होतं.

तुमच्या गावात डोळ्यांचं काम फार मोठं झालंय. मोहन ठुसे नेत्र रुग्णालयातून नजर घेऊन परत गेलेली माणसं जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर सापडतात. डॉ. मनोहर डोळे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली तेव्हा या पट्ट्यात घरचा सन्मान झाल्यासारखं वाटलं. डोळ्याच्या शस्त्रक्रियेची सुरुवात हात धुण्यापासून होते आणि त्या शिस्तीची किंमत तिथले लोक माझ्यापेक्षा जास्त जाणतात. म्हणून हे नारायणगावात बोलणं सोपं आहे.

आता थोडं डायलिसिसबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी जोखीम तिथं आहे. 2016 साली केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. आधी ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी होती, आता ती हळूहळू तालुक्याकडे सरकते आहे. हे चांगलंच आहे. आठवड्यातून दोन-तीनदा पुण्याला जाऊन यायचं म्हणजे रुग्ण आजारापेक्षा प्रवासानं खचतो. पण डायलिसिसच्या एका बैठकीत, चार तासांत, 120 लिटरच्या आसपास पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहतं. मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. आपण आयुष्यभर जेवढं पाणी पितो ते पोटातून, आतड्यातून, यकृतातून गाळून रक्तात जातं. इथं ती सगळी चौकी टाळून पाणी थेट रक्ताच्या दाराशी येतं.

गंमत बघा, गंमत म्हणायची नाही खरं तर. गावाचं पाणी शुद्ध करायला आपण दोन गोष्टी वापरतो, तुरटी आणि टीसीएल. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. 1970च्या दशकात डायलिसिसच्या रुग्णांत बुद्धिभ्रंश आणि हाडांचे आजार दिसू लागले, तेव्हा पाण्यातलं ॲल्युमिनियम त्याचं मोठं कारण निघालं. क्लोरीन आणि त्यापासून बनणारी क्लोरामाइनं रक्तात गेली तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे जलसुरक्षकानं आपलं काम चोख केलं, पिवळा रंग छान आला आणि डायलिसिस कक्षातला कार्बनचा फिल्टर वेळेवर बदलला गेला नाही, तर रुग्णाला धोका आहे. गावाच्या हिरव्या कार्डावर हे कुठंच दिसणार नाही.

फेब्रुवारी 1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरू गावात नेमकं काय झालं ते सांगतो, कारण ते गाव आपल्याला ओळखीचं वाटेल. दुष्काळाचं वर्ष होतं. तळाला गेलेल्या जलाशयात नील-हरित शैवाल माजलं होतं. डायलिसिसच्या दवाखान्याला टँकरनं पाणी यायचं. 131 रुग्णांपैकी 116 जणांना डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, उलट्या सुरू झाल्या. 100 जणांचं यकृत निकामी होऊ लागलं. पुढच्या काही महिन्यांत झालेल्या मृत्यूंपैकी 52 मृत्यूंचा संबंध त्या शैवालाच्या विषाशी, मायक्रोसिस्टिनशी, लागला. शैवालाचं विष उकळून जात नाही. दवाखान्यातली गाळणी त्याला पुरी पडली नाही. जलाशय एका खात्याचा, टँकर दुसऱ्याचा, गाळणी दवाखान्याची. मधल्या रस्त्यावर टँकरमधलं पाणी कुणाच्या जबाबदारीचं होतं?

त्यानंतर ब्राझीलनं डायलिसिसच्या पाण्याचे नियम कडक केले आणि पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन तपासणं बंधनकारक करणाऱ्या पहिल्या देशांत त्याची गणना झाली. मेलेल्यांच्या नातेवाइकांना त्याचा काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. पण वडज, येडगाव, डिंभे, माणिकडोह या आपल्या धरणांच्या लाभक्षेत्रात बसून आपण ही गोष्ट ऐकतोय, आणि मे महिन्यात दवाखान्यांच्या दारात टँकर उभे राहतात, ते आपल्याला नवीन नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत एक छोटी वस्तू प्रत्येकानं पाहिली होती. ऑक्सिजनच्या नळीला लावलेली बुडबुड्यांची बाटली. तिच्यात निर्जंतुक पाणी भरायचं असतं. म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार वाढला तेव्हा बाटलीत साधं नळाचं पाणी भरलं गेलं का, असा संशय घेतला गेला. ते कारण सिद्ध झालेलं नाही. साखर, स्टिरॉइडं ही कारणं जास्त पक्की आहेत. पण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं मे 2021च्या सल्ल्यात त्या बाटलीत स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरा असं मुद्दाम लिहिलं. त्या दिवसांत खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकानं, ‘सिस्टर, बाटलीत कुठलं पाणी घातलंत?’ असं विचारलं असतं, तर त्याला उद्धट म्हटलं गेलं असतं. सिस्टरचीही चूक नाही, तिच्याकडे चाळीस खाटा होत्या.

हा उद्धटपणा कुणी आणि कधी करायचा, तो आजचा खरा विषय आहे. तो वेळेवर झाला नाही तर काय होतं, ते बघा.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात क्वीन एलिझाबेथ विद्यापीठ रुग्णालय 2015 साली सुरू झालं. प्रचंड खर्च करून बांधलेलं, देशाची शान. त्याच वर्षी एका सल्लागार कंपनीनं पाण्याच्या यंत्रणेची पाहणी करून जोखीम जास्त आहे असा अहवाल दिला. अहवाल आला, फायलीत गेला. 2017 साली कर्करोगावर उपचार घेणारी दहा वर्षांची एक मुलगी तिथं जंतुसंसर्गानं गेली. 2018 मध्ये लहान मुलांच्या कर्करोगाच्या वॉर्डातली मुलं पाण्यातल्या जंतूंच्या भीतीनं दुसरीकडे हलवावी लागली. जुना अहवाल लोकांसमोर आला तो 2019 मध्ये, रुग्णालयातल्याच काही डॉक्टरांनी तोंड उघडल्यावर आणि एका आमदारानं तो विधिमंडळात मांडल्यावर. आईवडील एकत्र आले. सरकारनं लॉर्ड ब्रॉडी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी नेमली. सप्टेंबर 2021 मध्ये साक्षी सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या साक्षी रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या घेतल्या गेल्या. नळातून कधी कसलं पाणी आलं, कधी शॉवर वापरू नका म्हणून सांगितलं, कधी बाटलीच्या पाण्यानं अंघोळ घालायला लावली, याच्या तारखा आईवडिलांना पाठ होत्या.

मला या प्रकरणात जंतूंपेक्षा तो फायलीतला अहवाल जास्त छळतो. पैसे होते, तज्ज्ञ होते, तपासणी झाली होती, निष्कर्ष बरोबर होता. ‘पाण्याचा शेवटचा अहवाल दाखवा’ असं म्हणण्याचा अधिकार आणि सवय असलेला बाहेरचा माणूस मात्र कुठंच नव्हता. आपल्याकडे लोकसहभाग म्हटलं की लोकांनी श्रमदान करायचं, टाकी धुवायची, वर्गणी काढून आरओ बसवून द्यायचा आणि फोटो काढायचा, असा अर्थ घेतला जातो. दात्यांनी बसवलेले कितीतरी आरओ दोन वर्षांत बंद पडलेले मी पाहिलेत. नाव कोरलेली संगमरवरी पाटी तेवढी चकचकीत असते. मला हवाय तो सहभाग वेगळा आहे. लोकांनी पाणी तपासू नये, तपासल्याचा कागद मागावा.

लोकांनी जाब विचारण्याची ही गोष्ट काही परदेशातून आणायला नको. 1889 साली मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. त्या काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही बाई लंडनमध्ये अंथरुणाला खिळून पुण्याच्या सार्वजनिक सभेशी खेड्यांच्या स्वच्छतेविषयी पत्रव्यवहार करत होती. ती भारतात कधीच आली नाही. पण क्रिमियाच्या युद्धात स्कुतारीच्या लष्करी इस्पितळाला पाणी आणणाऱ्या पाटात मेलेला घोडा सापडला होता, तेव्हा ती तिथंच होती. गावातून गोळा होणाऱ्या उपकरावर पहिला हक्क गावाच्याच स्वच्छतेचा असला पाहिजे, असा तिचा हट्ट होता. सरकारनं तो मानला नाही. पैसा वर गेला, गावच्या स्वच्छता समित्या कागदावर राहिल्या. सव्वाशेहून अधिक वर्षांनी ग्रामपंचायतीच्या ठरावांत आपण हीच तक्रार वाचतो.

2007 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, ठाणे हे बाकीचे चार. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेनं राज्यभरातलं समन्वयाचं काम केलं. गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांची, ग्रामीण रुग्णालयांची प्रगतिपुस्तकं भरली. मग जनसुनवाई व्हायची. व्यासपीठावर अधिकारी, समोर लोक. डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत, औषधं बाहेरून आणायला लावतात, बाळंतपणाचे पैसे मागतात, हे प्रश्न लोकांनी उघड विचारले आणि पुष्कळ ठिकाणी ते सुटलेही. काही अधिकारी चिडले, काहींना त्यातून स्वतःच्याच मागण्या वर पोचवायला आधार मिळाला. हा दुसरा परिणाम फार महत्त्वाचा आहे. वैद्यकीय अधीक्षक टाकी बदलून द्या म्हणून तीनदा लिहितो, तेव्हा कुणी ऐकत नाही. जनसुनवाईच्या इतिवृत्तात तेच आलं की ऐकावं लागतं.

रुग्ण कल्याण समितीही आहेच. तिचा जन्म इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात झाला. 1994 मध्ये त्या रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट झाला होता, सुरतेच्या प्लेगची भीती होती, तेव्हा पूर्ण रुग्णालय रिकामं करून साफ केलं गेलं आणि ते पुन्हा घाण होऊ नये म्हणून नागरिकांना कारभारात घेतलं. पुढे ती कल्पना देशभर गेली. आज तुमच्या ग्रामीण रुग्णालयातही ही समिती असायलाच हवी. तिच्यात कोण आहे, तिची बैठक केव्हा झाली, या सभागृहातल्या किती जणांना सांगता येईल? हात वर करायला लावत नाही.

आता अडचणीची गोष्ट. रुग्णालयाच्या एका नळामागे किती कार्यालयं आहेत ते ऐका. पाणी ग्रामपंचायतीचं. इमारतीच्या भिंतीतले पाइप सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अखत्यारीत. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. त्याच रस्त्यावरचं प्राथमिक आरोग्य केंद्र मात्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. नमुना तपासणारी प्रयोगशाळा आणखी वेगळी. टाकी धुणारा माणूस कंत्राटदाराचा. एखादा नमुना अयोग्य निघाला की या साखळीत जबाबदारी खाली खाली घसरते आणि शेवटी कंत्राटी सफाई कामगारावर येऊन थांबते. त्याला काढून टाकलं की प्रकरण मिटतं. हे होऊ देऊ नका. जाब विचारायचा तो पाणी सोडणाऱ्याला, पाइप बसवणाऱ्याला आणि अहवाल दाबून ठेवणाऱ्याला. टाकी धुणाऱ्या मामांकडे टाकीत उतरायची शिडी तरी आहे का, हेही त्याच बैठकीत विचारा.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. आकडा दोनशेच्या पुढे गेला. राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, संशय पाण्यावर गेला, विहिरीतल्या क्लोरीनची चर्चा सुरू झाली. म्हणजे पाण्याची तपासणी आधी माणसांच्या शरीरात झाली, मग प्रयोगशाळेत. त्यावेळी महापालिकेनं त्या भागातले अनेक खासगी आरओ प्रकल्प पाणी अयोग्य म्हणून सील केले. वीस लिटरचे थंड जार विकणारे हेच प्रकल्प. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दवाखान्यात आज कुणी नळाबद्दल विचारत नाही याचं एक कारण जार आहे. नातेवाईक जार विकत घेतात, डॉक्टर स्वतःची बाटली आणतात, नळाचं पाणी कुणीच पीत नाही. ज्याला परवडतं तो बाजूला होतो आणि प्रश्न विचारणारा आवाजही त्याच्याबरोबर निघून जातो. बाळ मात्र नळाच्याच पाण्यानं पुसलं जातं.

कागद मागायची सवय तुम्हाला नाही असं मी म्हणूच शकत नाही. या सभागृहात द्राक्षबागायतदार बसलेत. 2010 साली आपली द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाच्या अंशावरून अडकली, तेव्हा काय हाहाकार झाला ते तुम्ही भोगलंय. निर्यातीच्या बागेची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधीची रेसिड्यू तपासणी, कंटेनर सुटायच्या आधी रिपोर्ट हातात. व्यापारी तोंडी भरवशावर माल उचलत नाही आणि तुम्हालाही त्यात अपमान वाटत नाही. नेदरलँड्समधल्या अनोळखी माणसाच्या पोटात जाणाऱ्या मण्याची वही आपण ठेवतो. मग आपल्या सुनेचं बाळंतपण होतं तिथल्या नळाची वही कुठं आहे?

माझी मागणी लहान आहे. अपघात विभागाबाहेर, सगळ्यांना दिसेल असा एक फळा. त्यावर टाकी धुतल्याची तारीख, त्या दिवशीचा क्लोरीन, महिन्याच्या जंतुतपासणीचा निकाल आणि टँकर आला असेल तर तो कुठल्या उद्भवावरून भरला ते. क्लोरीन टाकीपाशी मोजू नका. सगळ्यात लांबच्या नळावर मोजा, बहुतेक ठिकाणी तो प्रसूतिगृहातला किंवा वरच्या मजल्याच्या टोकाचा असतो. टाकीत भरपूर आणि टोकाला शून्य, हा प्रकार मी असंख्य वेळा पाहिलाय. बंद असलेल्या वॉर्डाचे नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडून द्या. त्यात वाया जाणाऱ्या पाण्यावरून ओरड होईल, दुष्काळी महिन्यात तर नक्कीच. ते पाणी बागेला वळवा, पण सोडा. ज्या दवाखान्यात डायलिसिस आहे तिथं कार्बन फिल्टर बदलल्याची तारीख आणि रोजच्या क्लोरीन तपासणीची सही रुग्णाला दिसली पाहिजे. डायलिसिसचे रुग्ण वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर येतात. त्यांच्याइतका चांगला पहारेकरी दुसरा मिळणार नाही.

गावात तपासणी संच वापरायला शिकलेल्या महिला आहेत, त्यांना महिन्यातून एकदा फाटकाच्या आत येऊ द्या. त्यांनी डॉक्टरांची परीक्षा घ्यायची नाही. फळ्यावरचा आकडा आणि नळीतला रंग जुळतो का एवढंच पाहायचं.

याला आक्षेप येतील. फळ्यावर वाईट निकाल लिहिला तर लोक घाबरतील, सरकारी दवाखाना सोडून खासगीत जातील, असं एका अधिकाऱ्यानं मला सांगितलं. भीती खोटी नाही. पण खासगीत काय आहे? बोअरचं पाणी, मे महिन्यात टँकर आणि फळा नाहीच. 2021 पासून नर्सिंग होमच्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावावी लागते, पाण्याबद्दल मात्र रुग्ण विचारत नाही म्हणून कुणी लावत नाही. नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाखाने आहेत. इथल्या डॉक्टर मंडळींनी ठरवलं तर कायद्याची वाट न बघता ते हे करू शकतात, आणि सरकारी दवाखान्याच्या फळ्याला लाजवू शकतात. स्पर्धा व्हायची तर या गोष्टीत होऊ दे.

दुसरा आक्षेप माझा मलाच आहे. फळा लागला की फळ्यावर रोज 0.2 लिहिलं जाईल, पाऊस असो की दुष्काळ, टाकी रिकामी असो की भरलेली. आकडा हलत नाही असं दिसलं की समजायचं, मोजणी बंद झालीय. म्हणून खराब निकाल लिहिणाऱ्या अधीक्षकाचा गावानं जाहीर सत्कार करावा, असं माझं मत आहे. निकाल अयोग्य आला तर किती तासांत काय केलं, हे त्याच फळ्याखाली लिहावं. त्या वेळेत सुधारणा झाली नाही तर विषय रुग्ण कल्याण समितीत, तिथंही अडला तर माहिती अधिकारात अर्ज. पारनेर आपल्या शेजारचा तालुका आहे. माहितीच्या अधिकारासाठी राळेगणसिद्धीतून काय काय झालं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आणि एक तारखेची गोष्ट. पाणी उद्भवांचं पावसाळ्याआधीचं सर्वेक्षण या एप्रिलमध्येच होतं आणि 1 मे रोजी ग्रामसभा असते. लाल-हिरव्या कार्डांच्या विषयाबरोबरच ग्रामीण रुग्णालयाच्या पाण्याचा शेवटचा अहवाल वाचून दाखवावा, असा विषय तिच्यात घेता येईल. विषयपत्रिका आधी निघते, त्यामुळे अर्ज याच आठवड्यात ग्रामपंचायतीत पोचायला हवा. मसुदा मी लिहून आणलाय, सभा संपली की तो या टेबलावर ठेवतो; सह्यांना जागा भरपूर सोडली आहे.